कमिटच्या आणि पॅचच्या दारात एकच तपासणी: कोडची शैली यंत्राकडून कशी पाहून घ्यावी

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची गाडी आली, की माल काट्यावर चढण्याआधी पोत्यातून मूठभर दाणे काढले जातात, ते ओलावा मोजण्याच्या यंत्रात टाकले जातात आणि त्यात माती-काडी किती आहे हेही पाहिले जाते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. ओलावा किती आहे हे यंत्रच सांगत असल्याने शेतकरी आणि खरेदीदार यांच्यातील वाद आकड्यापुरता उरतो. या रिवाजात दोन गोष्टी आहेत. तपासणी वजनाच्या आधी होते, आणि नमुना विकायला आणलेल्या पोत्यातूनच घेतला जातो, घरी ठेवलेल्या थप्पीतून नव्हे. गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, कोडच्या शैलीची (मांडणीच्या नियमांची) तपासणी बसवणारे बहुतेक जण पहिली गोष्ट नीट पाळतात आणि दुसरी विसरतात.

आम्ही चौघे आडत दुकानांसाठी एक प्रणाली लिहितो. वजनकाट्याचा आकडा संगणकात घेणारा तिचा भाग सी भाषेत आहे, तर हमाली-तोलाईचा हिशेब मांडून पट्टी छापणारा भाग पायथनमध्ये आहे. दोघे लातूरला, एक जण छत्रपती संभाजीनगरला आणि एक कंधार तालुक्यातील गावी असतो. गावचे नेटवर्क बेभरवशाचे असल्याने त्याचे काम पॅचच्या, म्हणजे केवळ केलेले बदल नोंदवणाऱ्या, फाइलींच्या रूपात ईमेलने, आणि कधी कधी पेनड्राइव्हवरूनही येते. त्यामुळे आमच्या रिपॉझिटरीला (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्याला) दोन दारे आहेत: आपण स्वतः केलेले कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद, हे एक, आणि दुसऱ्याचा लावलेला पॅच हे दुसरे. दोन्ही दारांवर एकच स्क्रिप्ट कशी बसवावी, हे पुढे सांगितले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात, आणि जेथे एखादे अक्षर मोठे हवे आहे तेथे तसे सांगितले आहे.

आधी ठरवायचे ते

कोणती शैली चांगली, या वादात फार वेळ घालवू नये. सी साठी क्लँग-फॉरमॅट आणि पायथनसाठी रफ अशी साधने निवडावीत, त्यांच्या नियमांच्या फाइली रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवाव्यात आणि साधनांची आवृत्तीही लिहून सर्वांसाठी बांधून टाकावी. क्लँग-फॉरमॅटच्या दोन आवृत्त्या एकाच नियमफाइलवरून काही ओळी वेगवेगळ्या मांडतात. आवृत्ती बांधली नाही, तर एकाने सरळ केलेली ओळ दुसऱ्याच्या संगणकावर पुन्हा वाकडी ठरते आणि दोष मात्र माणसांवर येतो.

जुना कोड नियमांत बसत नसेल, तर एका स्वतंत्र कमिटमध्ये सगळा कोड एकदाच नव्याने मांडावा आणि त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल करू नये. त्यामुळे «गिट ब्लेम» (कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणारी आज्ञा) चालवल्यावर प्रत्येक ओळीवर त्याच कमिटचे नाव दिसू लागते. यावर उपाय २०१९ मधील गिट २.२३ पासून उपलब्ध आहे: त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ती फाइल «--इग्नोर-रेव्हज-फाइल» या पर्यायाने ब्लेमला दिली, की ते कमिट वगळून मूळ लेखक दिसतो.

गिटच्या पोतडीत आधीच असलेले

स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्याआधी «गिट डिफ --कॅश्ड --चेक» ही एकच आज्ञा चालवून पाहावी. ती स्टेज केलेल्या, म्हणजे «गिट ॲड» ने पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या, बदलांतील फक्त नव्याने आलेल्या ओळी तपासते आणि ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, टॅबच्या आधी पडलेली जागा, फाइलच्या तळाशी वाढलेल्या रिकाम्या ओळी, इतकेच नव्हे तर मर्ज करताना राहून गेलेल्या संघर्षाच्या खुणाही दाखवते. काय दोष मानायचे हे «कोअर.व्हाइटस्पेस» या सेटिंगमध्ये बदलता येते, उदाहरणार्थ, पायथनच्या रिपॉझिटरीत «टॅब-इन-इंडेंट» जोडले, की ओळीच्या सुरुवातीचा टॅबही दोष ठरतो. जुन्या ओळींना ती हात लावत नाही, म्हणून जुन्या आणि अस्ताव्यस्त प्रकल्पातही ती पहिल्याच दिवसापासून वापरता येते.

स्क्रिप्ट: नमुना कोणत्या पोत्यातून घ्यावा

आता मुख्य काम. कमिटमध्ये जाते ते इंडेक्समधील रूप, म्हणजे «गिट ॲड» केले त्या क्षणीचे रूप. फोल्डरमध्ये दिसणारी फाइल त्यानंतर बदललेली असू शकते. साधन थेट फोल्डरमधील फाइलवर चालवले, तर दोन्ही बाजूंनी फसगत होते. चुकीची ओळ स्टेज झालेली असते, पण आपण ती नंतर फाइलमध्ये दुरुस्त करून पुन्हा स्टेज करायला विसरलेलो असतो, आणि तपासणी खुशाल पास होते. उलट, «गिट ॲड -पी» ने निवडक ओळीच घेतलेल्या असल्या, तर अर्धवट राहिलेल्या दुसऱ्याच कामापायी कमिट अडते. म्हणून प्रत्येक फाइलचे इंडेक्समधील रूप काढून ते साधनाच्या तोंडी द्यावे:

गिट शो :फाइल | रफ फॉरमॅट --चेक --स्टडिन-फाइलनेम फाइल -

गिट शो :फाइल | क्लँग-फॉरमॅट --ड्राय-रन --वेरर --असूम-फाइलनेम=फाइल

नावाआधीचा विसर्गासारखा दिसणारा कोलन महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थच «इंडेक्समधील» असा आहे. दुसऱ्या आज्ञेत «वेरर» मधील डब्ल्यू मोठा लिहावा लागतो. फाइलींची यादी मात्र पुढील आज्ञेने घ्यावी:

गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=एसीएमआर -झेड

गाळणीतील चार अक्षरे मोठी लिहायची असून त्यांचा अर्थ नवीन, नक्कल केलेल्या, बदललेल्या आणि नाव बदललेल्या फाइली असा आहे. काढून टाकलेल्या फाइली त्यात येत नाहीत, कारण त्या तपासण्यासारखे काही उरलेले नसते. शेवटच्या «-झेड» कडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे. तो पर्याय नसेल, तर गिट आस्कीबाहेरची (इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्या मूळ संचाबाहेरची) अक्षरे असलेले नाव अवतरणचिन्हांत घालून त्यातील प्रत्येक बाइट तिरपी रेघ आणि तीन अंक अशा रूपात छापते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-वेलांटी वेगळी मोजल्यास «हमाली» या नावात ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात, आणि ते नाव ६० अक्षरांच्या जंजाळात बदलते. त्या नावाची फाइल अर्थातच सापडत नाही. आमच्या दरपत्रकांच्या फाइलींना मराठी नावे आहेत आणि पहिल्या आठवड्यात हाच अडथळा आला. «-झेड» दिला, की नावे जशीच्या तशी येतात आणि दोन नावांमध्ये शून्य बाइट येतो. आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. हुक म्हणजे ठरावीक क्षणी गिट आपोआप चालवते ती स्क्रिप्ट, आणि प्री-कमिट हा कमिट होण्याआधी चालणारा हुक. गिटसोबत येणारा प्री-कमिटचा नमुना हुक जसाच्या तसा वापरला, तर तो आस्कीबाहेरचे नाव असलेली नवी फाइल नाकारतो, «हुक्स.अलाउनॉनआस्की» हे सेटिंग खरे केल्यावरच मराठी नावाला प्रवेश मिळतो.

ओळीची लांबी स्वतःच्या स्क्रिप्टने मोजणाऱ्यांनाही हेच ३ बाइट नडतात. बाइट मोजणाऱ्या साधनाला ३० चिन्हांची मराठी टिप्पणी ९० लांबीची वाटते आणि ७९ ची मर्यादा विनाकारण मोडते. त्यामुळे लांबीचे काम रफकडे सोपवलेले बरे.

ही स्क्रिप्ट शेलमध्येही लिहिता येते, पण त्यात एक खड्डा आहे. फाइलींची यादी पाइपमधून «व्हाइल» च्या फेऱ्यात दिली, तर बॅशमध्ये तो फेरा स्वतंत्र उपशेलमध्ये चालतो. आत «चूक सापडली» अशी खूण ठेवली, तरी बाहेर येईपर्यंत ती पुसली जाते आणि स्क्रिप्ट शेवटी शून्यच, म्हणजे «सर्व ठीक» हाच संकेत, परत करते. पडद्यावर दोषांची यादी छापली जाते आणि कमिटही होते. आमच्याकडे असेच चालले होते आणि लाल अक्षरे सर्वांना सवयीची होऊन गेली होती. आम्ही शेवटी स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहिली: यादी घ्यावी, शून्य बाइटवर तोडावी, प्रत्येक फाइलसाठी योग्य साधन चालवावे, दोष मोजावेत आणि एकही असेल तर १ हा निर्गम-संकेत देऊन बाहेर पडावे. ती «साधने/शैलीतपास» या ठिकाणी ठेवली आहे.

दोष सापडल्यावर स्क्रिप्टने स्वतःच फाइल दुरुस्त करून पुन्हा स्टेज करावी का, हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर नाही असे आहे. तसे केले, तर «गिट ॲड -पी» ने मुद्दाम बाजूला ठेवलेल्या ओळी न विचारता कमिटमध्ये शिरतात. स्क्रिप्टने फाइलचे नाव, ओळ आणि दुरुस्तीची नेमकी आज्ञा मराठीत छापावी. ती चालवायची की नाही, हे माणसाने ठरवावे.

पहिले दार: प्री-कमिट

हुक सहसा «.गिट/हुक्स» या फोल्डरमध्ये असतात, पण ते क्लोनबरोबर (रिपॉझिटरीची प्रत घेताना) दुसऱ्याकडे जात नाहीत. हे सुरक्षेसाठी योग्यच आहे, अन्यथा अनोळखी रिपॉझिटरी क्लोन करताच तिचा कोड आपल्या संगणकावर चालू लागेल. गटासाठी सोय म्हणून २०१६ मधील गिट २.९ पासून वेगळे फोल्डर नेमता येते. रिपॉझिटरीत «.गिटहुक्स» असे फोल्डर करावे आणि प्रत्येकाने आपल्या संगणकावर एकदा ही आज्ञा द्यावी:

गिट कॉन्फिग कोअर.हुक्सपाथ .गिटहुक्स

त्या फोल्डरमध्ये «प्री-कमिट» नावाची, विस्तार नसलेली फाइल असावी आणि तिने फक्त «साधने/शैलीतपास» ला हाक मारावी. फाइल चालवण्यायोग्य नसेल, तर गिट ती बाजूला ठेवून पुढे जाते. विंडोजवर तयार केलेल्या फाइलीला ती परवानगी मिळत नाही, म्हणून ती जोडताना «गिट ॲड --सीएचमॉड=+एक्स» असे करावे. विंडोजच्या पद्धतीचे ओळ संपल्याचे चिन्ह हुकच्या पहिल्या ओळीत शिरले, तर लिनक्सवर तो चालवणारा प्रोग्रॅमच सापडत नाही, त्यासाठी «.गिटॲट्रिब्यूट्स» मध्ये या फोल्डरला «ईओएल=एलएफ» लावावे. बसवणी झाली की नाही हे पाहण्यासाठी खोटे कमिट करण्याची गरज नाही: २०२२ मधील गिट २.३६ पासून «गिट हुक रन प्री-कमिट» ही आज्ञा हुक तेवढा चालवते.

प्री-कमिट याच नावाची पायथनमधील एक लोकप्रिय चौकटही आहे. ती चांगली आहे, पण आमच्या कामाला तीन ठिकाणी बसली नाही. पहिल्या धावेत ती साधने इंटरनेटवरून उतरवते, त्यामुळे गावी नेटवर्क नसताना कमिटच अडते, «कोअर.हुक्सपाथ» लावलेले असेल, तर ती स्वतःला बसवून घेण्यास नकार देते; आणि पॅच लावतानाचे हुक ती हाताळत नाही. हे तिसरे कारण आमच्यासाठी निर्णायक ठरले.

दुसरे दार: पॅच

गावचा सहकारी «गिट फॉरमॅट-पॅच» ने फाइली तयार करतो. त्या ईमेलला जोडूनच पाठवाव्यात. मजकूर म्हणून चिकटवलेल्या पॅचमध्ये टॅबऐवजी मोकळ्या जागा येतात आणि लांब ओळी मोडतात, मग तो लागतच नाही. आलेला पॅच लावण्याच्या दोन आज्ञा आहेत आणि त्यांतील फरक तपासणीच्या दृष्टीने मोठा आहे. «गिट अप्लाय» केवळ फाइलींत बदल करते आणि कोणताही हुक चालवत नाही. «गिट एएम» पॅच लावून लेखकाच्या नावासह कमिट करते, पण प्री-कमिट हुक तीही चालवत नाही. ज्यांनी पहिल्या दारावर पहारा बसवून समाधान मानले, त्यांचे दुसरे दार येथे सताड उघडे राहते.

«गिट एएम» चे स्वतःचे तीन हुक आहेत. «अप्लायपॅच-एमएसजी» कमिटचा संदेश तपासतो. «प्री-अप्लायपॅच» पॅच लागल्यानंतर पण कमिट होण्याआधी चालतो. «पोस्ट-अप्लायपॅच» सगळे झाल्यावर चालतो आणि तो केवळ वर्दी देऊ शकतो, काही अडवू शकत नाही. आपल्याला मधला हवा. त्या क्षणी पॅचमधील बदल इंडेक्समध्ये असतात, म्हणजे आपली स्क्रिप्ट जेथे पाहते तेथेच. त्यामुळे «.गिटहुक्स/प्री-अप्लायपॅच» या फाइलीतही त्याच स्क्रिप्टला हाक मारणारी तीच ओळ लिहावी आणि काम झाले. गिटसोबत येणारा नमुनाही हेच करतो, तो प्री-कमिट हुकलाच बोलावतो.

तपासणी नापास झाली, की «गिट एएम» मध्येच थांबते. बदल फाइलींत आणि इंडेक्समध्ये तसेच असतात, कमिट झालेले नसते. दोष दुरुस्त करून फाइल स्टेज करावी आणि «गिट एएम --कंटिन्यू» म्हणावे. हुक पुन्हा चालतो आणि पास झाल्यास मूळ लेखकाच्या नावानेच कमिट होते. पॅच परत पाठवायचा असेल, तर «--अबॉर्ट» ने सगळे पूर्ववत करावे. आमचा शिरस्ता असा आहे, की दोन-चार ओळींचा दोष आपण काढायचा आणि त्याहून जास्त असेल तर पाठवणाऱ्याला फोन करायचा.

मोकळ्या जागांसाठी «अप्लाय» आणि «एएम» या दोन्ही आज्ञांना «--व्हाइटस्पेस» हा पर्याय आहे. काहीच न सांगितल्यास तो «वॉर्न» असतो: थोड्या ओळींबद्दल इशारा देतो आणि पॅच लावतो. «एरर» पॅच नाकारतो, «एरर-ऑल» नाकारताना सर्व दोष दाखवतो, तर «फिक्स» दोष काढूनच पॅच लावतो. कडक म्हणून «एरर» निवडण्याचा मोह होतो, पण त्यात पॅच मुळी लागतच नाही आणि दुरुस्त करायला हातात काही राहत नाही. हुकने थांबवले, तर माल दारात उतरलेला असतो आणि तेथेच निवडता येतो. म्हणून «एएम» साठी «वॉर्न» ठेवून अडवण्याचे काम हुकवर सोडावे. «फिक्स» सोयीचा खरा, पण पाठवणाऱ्याला आपली चूक कधी कळतच नाही आणि त्याच्या नावावर त्याने न लिहिलेले रूप नोंदले जाते. तसेच «गिट अप्लाय --चेक» या नावाला भुलू नये. पॅच लागेल की नाही एवढेच ती आज्ञा पाहते, शैलीशी तिचा संबंध नाही.

पॅचची फाइल लावण्याआधीच तपासण्याची रीत लिनक्स कर्नेलच्या विकासात रुळलेली आहे. कर्नेलच्या कोडबरोबर येणारी «चेकपॅच» ही पर्ल भाषेतील स्क्रिप्ट पॅचच वाचते आणि चुका, इशारे व तपासलेल्या ओळी यांची बेरीज शेवटी छापते. तिचे नियम कर्नेलच्या शैलीचे आहेत, ८ रकान्यांच्या टॅबसह. आपल्या प्रकल्पावर ते जसेच्या तसे लादू नयेत. मात्र २०२० मध्ये तिने ओळीच्या लांबीचा इशारा ८० वरून १०० वर नेला, ही गोष्ट मला बोलकी वाटते: इतका जुना आणि शिस्तीचा प्रकल्पही मर्यादा सैल करू शकतो, तर आपण पहिल्या दिवशी ठरवलेल्या आकड्याला देव मानण्याचे कारण नाही.

एक धोका जो सहसा कोणी पाहत नाही

वरच्या मांडणीत एक छिद्र आहे. «प्री-अप्लायपॅच» पॅच लागल्यानंतर चालतो आणि आपले हुक तर रिपॉझिटरीच्याच फोल्डरमध्ये आहेत. पॅचनेच «.गिटहुक्स» किंवा «साधने/शैलीतपास» बदलले असेल, तर तपासणीच्या नावाखाली आपल्या संगणकावर आधी तो नवा, न वाचलेला कोड चालतो. म्हणजे कुंपणच शेत खाऊ लागते. ओळखीच्या चौघांत हे सहज खपून जाते, पण अनोळखी माणसाचे पॅच घेणाऱ्याने असे चालवून घेऊ नये. त्याने «कोअर.हुक्सपाथ» लावू नये, हुक आणि स्क्रिप्ट या दोन्हींची प्रत «.गिट/हुक्स» मध्ये ठेवावी आणि तेथील हुकने तेथीलच स्क्रिप्ट बोलवावी, कारण पॅच त्या फोल्डरला हात लावू शकत नाही. शिवाय लावण्याआधी «गिट अप्लाय --स्टॅट» ने पॅच कोणकोणत्या फाइलींना शिवतो ते पाहावे. त्या यादीत नियमांची फाइल दिसली, तर पॅच आधी डोळ्यांनी वाचावा. आमच्यात पॅच लावण्याचे काम लातूरचा एकच जण करतो आणि त्याच्या संगणकावर हीच व्यवस्था आहे. स्क्रिप्ट बदलली, की प्रत नव्याने ठेवण्याचे काम त्याला हाताने करावे लागते.

पळवाट आणि खातरजमा

«गिट कमिट --नो-व्हेरिफाय» ने पहिला पहारा चुकवता येतो आणि गिटच्या नव्या आवृत्त्यांत «एएम» लाही तोच पर्याय आहे. ही पळवाट बंद करता येत नाही आणि करूही नये. मोंढ्यात सौदे सुरू असताना काट्याचा आकडा येईनासा झाला, तर शैलीसाठी कोणी खोळंबून राहू नये. मात्र मध्यवर्ती रिपॉझिटरीवर हीच स्क्रिप्ट कमिटांच्या पट्ट्यावर पुन्हा चालवावी. सर्व्हर स्वतःचा असेल तर «प्री-रिसीव्ह» हुकमधून, गिटहबवर असेल तर ॲक्शन्समधून. त्यासाठी स्क्रिप्टला दोन कमिटांची नावे घेता आली पाहिजेत. ती दिली नाहीत, तर तिने इंडेक्स पाहावा.

शेवटी दोन्ही दारे एकदा मुद्दाम ठोठावून पाहावीत. एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडून ती फाइल स्टेज करावी आणि कमिट करून पाहावे. ते अडले पाहिजे. मग तेच «--नो-व्हेरिफाय» ने करावे, «गिट फॉरमॅट-पॅच -१» ने त्याचा पॅच काढावा, आधीच्या कमिटवरून नवी शाखा घेऊन तेथे «गिट एएम» ने तो लावावा. मोकळ्या जागेचा इशारा दिसून आज्ञा कमिट न करताच थांबली, तर दुसरे दारही लागलेले आहे. ती मुकाट्याने पुढे गेली, तर सर्वप्रथम हुकच्या फाइलीची चालवण्याची परवानगी पाहावी. आमच्याकडे दोन्ही वेळा दोष तेथेच निघाला होता.